धुतलेल्या साड्या

घरगुती पाळणाघरांची तपासणी यापुढं न कळवता करायची, असा नियम येऊ घातला होता. कळस गावात पाळणाघर चालवणाऱ्या साखरबाईला त्याचीच धास्ती. नशिबानं इंदापूरच्या तपासणीवाल्या मॅडमनी आधी कळवलं, तसं तिनं घर लख्ख केलं. कामावर जाणाऱ्या आया तिच्याकडं लेकरासोबत आपली नेसून सोडलेली साडी ठेवायच्या. लेकरू त्या साडीवरच झोपायचं. कळकट दिसू नयेत म्हणून तिनं साड्याही खसाखसा धुतल्या. मॅडम आल्या, तर सगळी लेकरं टाहो फोडत होती. "मावशी, रोज असंच रडतात?" आता पाळणाघर बंद होणार! साखरबाईनं खरं ते सांगून टाकलं. "न्हाय मॅडम. आईच्या वासावर झोपत्यात. तुमी येनार म्हनून म्या साड्या धुतल्या. वास गेला." मॅडमनी सगळ्यात धाकटीला खांद्यावर घेतलं, डोळा लागेपर्यंत थोपटलं. जाताना म्हणाल्या, "पुढच्या वेळी न कळवताच येईन. म्हणजे तुम्ही काही धुणार नाही."