मानाचा चापान

मंत्रीसाहेबांनी चापान उलगडला आणि सभागृहात टाळ्या सुरू झाल्या. निळ्या मखमलीचा लांब झगा, काठाला सोनेरी वेलबुट्टी. एसेनकुलच्या हातातला तळ्याचा नकाशा हातातच राहिला.

आमच्याकडे चापान पाहुण्याला देतात, व्याह्याला देतात. सरकारी समारंभात मात्र तो ज्याच्या अंगावर पडतो, त्याने दुसऱ्या दिवशी कचेरीत यायचं नसतं. एवढं राजधानीतल्या, बिश्केकमधल्या शिपायालाही कळतं. एसेनकुल डोंगरावरच्या हवामान केंद्रातून वर आलेला. आधी खात्याचा प्रमुख झाला, मग हिमनद्यांच्या संस्थेचाही. आज तो धोक्याच्या इशाऱ्याचे भोंगे मागायला आला होता. हिमनदीखालचं तळं फुगत चाललं होतं. बांध फुटला तर खालची गावं झोपेतच वाहून जाणार होती. "मंत्री तयार आहेत," असं उपप्रमुख मेदेरने त्याला सांगितलं होतं.

मेदेरला त्यानेच हाताला धरून शिकवलेलं; अजूनही तो त्याला मानाने 'अगाय', म्हणजे गुरुजी, म्हणायचा. आता तो शेजारी उभा राहून, खाली मान घालून टाळ्या वाजवत होता.

"खुर्ची हवी होती तर मागायचीस की रे," एसेनकुल पुटपुटला. "भोंग्यांचं गाजर कशाला दाखवलंस?"

"आईशपथ, अगाय, मलाही आत्ताच कळतंय!" मेदेर रडकुंडीला आला होता.

"हात घाला, अगाय," मंत्री हसत म्हणाले. "डोंगर आता आम्ही बघू. तुम्ही नातवंडं खेळवा."

एसेनकुलने हात घातले. घोड्यावरून पडल्यापासून त्याचा डावा खांदा उतरलेला होता. विकतचा कुठलाही कोट त्या बाजूला लोंबायचा. हा लोंबला नाही. आतून डाव्या खांद्याला कापसाची बेताची गादी शिवलेली होती. तशी गादी शिवणारं माणूस जगात एकच होतं.

मेदेरवरचा राग कुठल्या कुठे गेला. त्याच्या जागी जे आलं ते रागाहून वाईट होतं. रोज जेवताना तो जिला तळ्याबद्दल सांगायचा, जी चहा ओतत "हं, हं" म्हणायची, ती त्याची बायको बुरुल पहिल्याच रांगेत बसली होती. तो मंचावरून खाली उतरला.

"तू?"

"मीच गेले होते मंत्र्यांकडे." बुरुलने उठून चापानाचा गळा नीट केला. "पुरे झालं आता ते तळ्यापायी रोजचं जागरण. तळं राहील तळ्याच्या जागी. तुम्ही घरी चला."