शंभर टक्के हजेरी

"एक मुलगी जास्त आणलीत, बाई," शिक्षण कार्यालयातले साहेब म्हणाले आणि आपल्याच विनोदावर हसले.

बाई हसल्या नाहीत. आपल्या वर्गातल्या जुळ्या बहिणींना दोन बाजूंना उभं करून त्या समोरच्या खुर्चीत बसल्या, कोणी बसा म्हणण्याची वाट न पाहता. दहावीच्या परीक्षेचा अर्ज भरायचा आज शेवटचा दिवस होता, मुदत संध्याकाळी पाचपर्यंत. थोरलीचा अर्ज केव्हाच गेला होता. धाकटीचा जात नव्हता, कारण वर्षभरात ती एकदाही शाळेत आली नव्हती, असं यंत्राचं म्हणणं होतं.

यंत्र म्हणजे शाळेच्या दाराशी लावलेला मोबाइल. मुलांनी सकाळी त्याच्यापुढे उभं राहायचं आणि त्याने चेहरा ओळखून हजेरी लावायची. कागदी हजेरीपट ते लागलं त्या दिवसापासून बाद. पहिल्या दिवशी थोरली पुढे होती, तिचा चेहरा नोंदला गेला. मागून तिच्याहून अकरा मिनिटांनी लहान असलेली बहीण आली, तर यंत्र म्हणालं, हा चेहरा आधीच नोंदलेला आहे. तेव्हापासून दोघींपैकी कोणीही समोर उभी राहिली, तरी हजेरी थोरलीच्याच नावावर पडे. पोरींनी आपापसांत तोडही काढून पाहिली, एक दिवस तू आधी जा, एक दिवस मी जाते. यंत्राला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं.

बाईंनी सात तक्रारी केल्या होत्या. सातही वेळा उत्तर आलं होतं, आपल्या तक्रारीचं निराकरण झालेलं आहे.

साहेबांनी आधी चष्मा सुचवला. बाई म्हणाल्या, लावून झाला. मग केस कापायचं सुचवलं. तेही झालं होतं. यंत्र भलतंच हुशार निघालं, चष्म्याआडूनसुद्धा त्याने थोरलीच ओळखली. शेवटी साहेबांनी समजुतीचा सूर लावला. एका वर्षाचा तर प्रश्न आहे, पुढच्या वर्षी बसेल परीक्षेला, तोवर दुरुस्तीही होईल.

"वर्ष तिचं जाणार आहे साहेब, यंत्राचं नाही," बाई म्हणाल्या. "मी पाच वाजेपर्यंत इथेच आहे. डबा आणलाय."

खिडकीजवळ संगणकावर काम करणाऱ्या ताई इतका वेळ नुसत्या ऐकत होत्या. त्यांनी मान वर न करता सांगितलं, की अधिकाऱ्यालाही मुलांची हजेरी स्वतः भरता येते. त्यासाठी संगणकात वेगळं पान आहे. फक्त तिथे आपल्या नावानिशी लिहावं लागतं, की यंत्र चुकलं. आजवर ते पान कोणी उघडलेलं नाही.

साहेबांना ही माहिती काही रुचली नाही. यंत्र चुकलं म्हणायला पुरावा लागतो, ते म्हणाले. बाईंनी पिशवीतून वही काढली. बंदी असूनही त्या रोजची हजेरी हाताने लिहीत आल्या होत्या. साहेबांनी दोन पानं उलटली आणि वही परत सरकवली. असल्या वह्या काय, घरी बसून कोणीही लिहील.

बाईंकडे आणखी एक पुरावा होता. तो त्याच वहीत होता, पण त्या पानाशी येऊन त्यांचं बोट थांबलं. पुढे बोलणं त्यांच्या जिवावर आलं होतं.

ते बोट थोरलीने पाहिलं. तिने दप्तरातून एक टॅब काढला आणि टेबलावर ठेवला. शंभर टक्के हजेरीचं बक्षीस म्हणून मागच्याच महिन्यात साहेबांनी तो स्वतःच्या हाताने तिला दिला होता. त्या समारंभाचा फोटो त्यांच्या खुर्चीमागच्या भिंतीवर लावलेला होता.

"हा परत घ्या, साहेब," ती म्हणाली. "सहामाहीनंतर मला कावीळ झाली होती. नऊ दिवस दवाखान्यात होते. यंत्रात मी तेव्हाही हजर आहे."

ताईंनी ते नऊ दिवस काढून दाखवले. नऊच्या नऊ हिरवे.

"मग बक्षीस घेताना का नाही बोललीस?"

"टॅब हवा होता. दोघी त्याच्यावरच अभ्यास करतो."

बाईंनी मान खाली घातली. बक्षिसाच्या वेळी सगळ्या वर्गाला इतका आनंद झाला होता, की त्यांच्याच्याने बोलवलं नव्हतं. आता त्याची लाज वाटत होती. धाकटीने टॅब उचलायला हात पुढे केला, तसं थोरलीने तिचं मनगट धरलं आणि सोडलं नाही.

साहेबांनी वळून भिंतीकडे पाहिलं. यंत्र चुकलं म्हणायचं, तर भिंतीवरचा फोटोही चुकला, आणि तो तर वर सगळीकडे पाठवून झाला होता. मग त्यांनी बाईंची वही पुन्हा मागून घेतली. खुर्ची ताईंच्या टेबलाकडे ओढली आणि संगणकावरचं ते पान उघडायला सांगितलं. एका बोटाने अक्षरं शोधत त्यांनी आपलं नाव घातलं, हुद्दा घातला. यंत्र चुकलं, हे दोन शब्द लिहायला त्यांना सगळ्यांत जास्त वेळ लागला.

पुढच्या रकान्याशी ते थांबले आणि वळून दोघींकडे पाहू लागले. यातली कोणती कोण, हे त्यांना अजूनही सांगता आलं नसतं.

"त्या नऊ दिवसांत कॅमेऱ्यासमोर कोण उभं होतं?"

धाकटी एक पाऊल पुढे आली. आल्यापासून ती एक शब्दही बोलली नव्हती.

"मी."