वाढतं अंग

चिलखताचा पट्टा पुन्हा दोन बोटं अपुरा पडला. घरी माप बघायला आलेला लोहार वैतागला. "बाईसाहेब, तिसऱ्यांदा! ड्यूकची फौज निघाली की पोरगं अंगानं सुटतं कसं हो?"

"वाढतं अंग आहे," मी म्हणाले. चिलखत अंगाला बसल्याशिवाय ड्यूक कुणाला लढाईवर नेत नसत. म्हणून तर मी लेकाला लोणी आणि चीज चारत होते.

लेकाचा चेहरा उतरला. "आई, सगळे मित्र गेले. मीच राहिलो!" माझ्याकडे न बघता त्यानं भिंतीवरचं वडिलांचं चिलखत उतरवून अंगावर चढवलं. पट्टा बरोबर बसला. माझ्याच लोण्यानं तो वडिलांएवढा झाला होता.

चिलखताच्या छातीवर भाल्यानं पाडलेल्या भोकात लोहारानं बोट घातलं. "एवढं बुजवलं की झालं."