ओली चादर

"हे बघा आजीबाई, रस्त्याच्या बाजूला कपडे वाळत घालायला बंदी आहे," असं म्हणत सांतुच्चीने नोटीस टेबलावर ठेवली.

आराक्सीबाईंनी चष्मा न लावताच कागद बाजूला सारला. "माझी आई याच दोरीवर कपडे वाळवायची. तेव्हा कुठे होता तुझा नियम? आणि तू तरी कुठे होतास?"

तक्रार समोरच्या घरातली होती. रोज सकाळी नऊ ते दुपारी एक, तिसरा मजला, तांबडी चादर. सांतुच्चीला त्या चादरीशी काडीचं देणंघेणं नव्हतं. नगर पोलिसातल्या या हवालदाराला हवी होती ती चादरीमागची खिडकी. तिथून नोआय वस्तीतला सगळा बाजार दिसत होता. पुदिन्याच्या जुड्या, मासळीच्या पाट्या, आणि भिंतीला टेकून रव्याच्या घरगुती रोट्या विकणाऱ्या पंधरावीस बायका. परवाना एकीजवळही नव्हता.

महिन्याभरात त्याने दोनदा धाड घातली होती. दोन्ही वेळा गाडी वळणावर येईपर्यंत भिंत रिकामी. कोणीतरी आधीच खबर देत होतं. तिसऱ्यांदा हात हलवत आलास तर बंदरावर गाड्यांच्या पावत्या फाडायला पाठवीन, असं वरिष्ठांनी बजावलं होतं. मार्सेयच्या पोलिसात वीस वर्षं घालवलेल्या माणसाच्या हे जिव्हारी लागलं. म्हणून आज त्याने स्वतःच्या माणसांनाही वेळ सांगितली नव्हती. इथून फोन गेला की मगच गाडी निघणार होती.

"खुर्चीवरून उठायचं नाही. खिडकीशी यायचं नाही. फोन माझ्याकडे द्या."

"माझ्याच घरात?"

"अर्धा तास फक्त."

"म्हणजे धाड." आराक्सीबाईंनी फोन त्याच्या हातात आपटला. "त्या बाहियाला धरणार तुम्ही. तीन लेकरं आहेत तिला. रोट्या विकते रे ती, बंदुका नाही."

"कायदा मी केलेला नाही."

"मीही नाही. माझा बाप याच भिंतीपाशी बुटांच्या नाड्या विकायचा. त्यालाही तुझ्यासारखा एक टोपीवाला धरायला यायचा. टोपीवाला मेला, आम्ही इथेच आहोत!"

सांतुच्ची हसला. म्हातारी तिखट होती, पण फोन आता त्याच्या खिशात होता.

अकरा वाजता त्याने फोन लावला. "निघा." गाडी दोन गल्ल्या पलीकडे उभी होती.

तेवढ्यात चादर वाऱ्याने फुगली आणि बायकांची रांगच दिसेनाशी झाली. तो चरफडला.

"मधे येतेय ही तुमची चादर."

"येऊ दे. तिला हात लावायचा नाही."

"बेकायदा आहे ती."

"ओली आहे ती! ओली चादर आत घेतली की घरभर कुबट वास सुटतो. तुझ्या दहा पिढ्या आल्या तरी मी काढणार नाही."

"मग मी काढतो."

"काढून तर बघ! परक्या बाईच्या धुण्याला हात घालायला तुझ्या आईने शिकवलं का रे?"

आईचं नाव निघालं आणि सांतुच्चीचं डोकं फिरलं. त्याने दोरी खसाखसा ओढली, चिमटे उडवले आणि चादर कवेत घेऊन आत खेचली.

चादर दिसेनाशी होताच खाली कोणीतरी शीळ घातली. दुसऱ्या टोकाला आणखी एक शीळ वाजली. टोपल्यांवर फडकी पडली, बायका उठल्या, कोणी खाटकाच्या दुकानात शिरली, कोणी जिन्यात. कोणी धावलं नाही, कोणी मागे वळूनही पाहिलं नाही. पोलिसांची गाडी वळणावर आली तेव्हा भिंतीपाशी पुदिन्याच्या चार काड्या पडल्या होत्या.

आराक्सीबाई खुर्चीवरून तसूभरही हलल्या नव्हत्या.

"घडी नीट घाल हं, पोरा," त्या म्हणाल्या.

सांतुच्चीने हातातल्या चादरीकडे पाहिलं. ती पापडासारखी कोरडी होती.