जमिनीतला करंट

दिवस मावळायला आला तेव्हा ओमेश्वरी बिसेनच्या लॅपटॉपवरची रेघ एकाएकी उसळली आणि वर-खाली होत राहिली.

चिचगडजवळच्या, धान कापून झालेल्या बांधीत तिने चार दिशांना वायरी पसरल्या होत्या. जमिनीत आपसूक वाहणारा बारीकसा विद्युतप्रवाह मोजायचा आणि त्यावरून खाली कित्येक किलोमीटरपर्यंत खडक कसा आहे ते ताडायचं, हे तिचं काम. आसपास वीज चालू असली की मोजणी बिघडते. म्हणून तिने लोडशेडिंगची वेळ धरली होती.

तिने जोड तपासले. सगळे घट्ट होते.

“चैतरामभाऊ, मोटार चालू केली का कोणी?”

बांधीचा मालक चैतराम कडेच्या धुऱ्यावर, बांधावर, बसला होता. “नाही जी. लाईनच नाही त मोटार कशी चालन? लाईन येते रातच्याले.”

“आत्ता आली आहे. आणि इथेच जवळ कुठेतरी करंट जमिनीत उतरतोय.”

“मिशिन चुकत असन.”

“नाही चुकत. उघडी तार आहे का इकडे?”

चैतराम उठून उभा राहिला. तो जंगलाकडच्या आपल्या हरभऱ्याकडे पाहत होता.

“धुरपता चाय घेऊन येऊन रायली,” तो म्हणाला. “तिकडूनच.”

आणि तो पळत सुटला. पण बायकोच्या दिशेने नाही. उलट्या बाजूला, विजेच्या खांबाकडे. तिथे पडलेला बांबू उचलून त्याने वरच्या तारेवर टाकलेला आकडा ढोसून खाली पाडला.

लॅपटॉपवरची रेघ सपाट झाली. तेव्हा ओमेश्वरीला कळलं. रात्री येणाऱ्या रानडुकरांसाठी त्याने हरभऱ्याभोवतीची तार दिवसाच, वीज नसताना, जोडून ठेवली होती.

ती हरभऱ्याकडे धावली.

धुरपताबाई धुऱ्यावर उभी होती. हातात किटली. तिच्यापुढे खुंट्यांवर गुडघाभर उंचीची उघडी तार ताणलेली होती, आणि तारेला लागून त्यांची कुत्री पडली होती.

“पुढं पुढं चालून रायली होती,” धुरपताबाई म्हणाली. “एकदम पडली. मी उचलाले वाकली, पन हात लावाले भेव वाटला.”

चैतराम धापा टाकत येऊन पोचला.

“कोनं लावली तार?” धुरपताबाईने त्याला विचारलं.

“डुकरं सारा हरभरा खंदून रायले होते.”

“मले सांगाचं त होतं.”

तो कुत्रीकडे पाहत राहिला.

“आता तार ओलांडून निंगू का?”

“निंग. करंट नाही आता.”

ती जागची हलली नाही.

चैतरामने हातातला बांबू टाकला. पुढे होऊन त्याने उघडी तार मुठीत धरली, जमिनीपर्यंत दाबली आणि धुरपताबाई ओलांडून जाईपर्यंत सोडली नाही.