स्ट्रॉबेरीचं गाणं

तैवानची तरुण पिढी म्हणजे स्ट्रॉबेरी, जरा दाबली की चेपते, आणि हिच्या हातात देशाचं काही खरं नाही, असा निकाल टीव्हीवरच्या निवेदकानं दिला आणि लगेच केस काळे करायच्या तेलाची जाहिरात लागली. तैनान शहरातल्या एका गल्लीत असले निकाल पोचवण्याचं काम कुओ काकूंकडे होतं. संध्याकाळी घंटागाडीची वाट बघत सगळे कचऱ्याच्या पिशव्या घेऊन उभे असताना त्या शेजारच्या युहानला म्हणाल्या, "काय गं स्ट्रॉबेरी, पिशवी उचलून दमलीस का?"

दोन नोकऱ्या करून आलेल्या युहानला भांडायचं नव्हतं. काकूंनी एकदा तरी आपलं ऐकून घ्यावं, एवढंच तिला फार दिवस वाटत होतं. तिनं घरातून गिटार आणली आणि पायरीवर बसून स्वतः रचलेलं गाणं म्हटलं, तेही म्हाताऱ्यांच्या बोलीत, जी म्हणे तरुणांना येतच नाही. 'पहाटे बेकरी, दुपारी नूडलची गाडी, देश बुडवायला वेळ कुठून काढू?' सगळे खो खो हसले. पुढच्या कडव्यात ती आईबद्दल गायली.

घंटागाडी आपली धून वाजवत आली, थांबली आणि निघून गेली. कोणी जागचं हललं नाही.

गाणं संपल्यावर कुओ काकू मासळीच्या डोक्यांची पिशवी तशीच हातात धरून जवळ आल्या.

"पोरी, उद्याही म्हण," त्या म्हणाल्या, "फक्त गाडी गेल्यावर सुरू कर."