पाठ फिरवणारा गुरू

"आता बघा बाई, ह्यो कसा उडतोय," निसार वस्ताद म्हणाले, आणि टीव्हीतला थाई पोरगा तीन माणसांच्या डोक्यांवरून पलीकडं गेला. दोरी न्हाय, गादी न्हाय, काय न्हाय. ही सीडी वस्तादांनी शेकडो वेळा बघितली असेल, तरी त्यांचा हात आपोआप कानाच्या पाळीला गेला.

बाई म्हणजे नोई. थायलंडची इंजिनियर, कागलच्या एमआयडीसीत नवं मशीन बसवायला आलेली. तिथं कामाला असलेला वस्तादांचा जुना पठ्ठा अभिनंदन तिला घेऊन आला होता.

सिनेमाचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. भाषा थाई, ती तर कुणालाच कळत नव्हती. पण खोटं कशाला सांगा, त्यातला ढोपराचा एकेक मार बघून अख्खी तालीम गप्प बसायची. वस्तादांचे डोळे भरून यायचे.

"ह्येला विद्या म्हणत्यात," ते म्हणायचे.

मग शेवट आला. पोरगा हरून मातीत पडला. म्हातारा गुरू जवळ गेला, पाठ फिरवली, गुडघ्यांवर हात ठेवून वाकला आणि काहीतरी बोलला. तिथंच सीडीला ओरखडा होता. चित्र थिजलं.

"दुःखानं कंबर मोडली, पर मागं वळला न्हाय," वस्ताद भारावून म्हणाले. "हरल्याचं तोंड बघायचं न्हाय. म्याबी न्हाय बघितलं."

अभिनंदननं मान खाली घातली. नऊ वर्षांपूर्वी वस्तादांचा मुलगा फरहान जयसिंगपूरच्या मोठ्या मैदानात चितपट झाला, तेव्हा वस्ताद त्याच्याकडं पाठ करून सरळ घरी निघून आले होते. फरहान मात्र आला नाही, तिथंच राहिला. आज सकाळी पहिल्यांदा त्याचा फोन आला होता. ईदला येऊ का, म्हणून.

मेहमुदा चहा घेऊन आली. "पोराला काय सांगू?" तिनं नवऱ्याला सकाळपासून चौथ्यांदा विचारलं.

"गुरू काय म्हणला ते कळू दे," वस्ताद म्हणाले. "त्यो म्हणला आसंल, त्येच सांग."

नोईनं शेवट पुन्हा लावायला सांगितला. नीट ऐकला. मग ती अभिनंदनला इंग्रजीत काहीतरी म्हणाली. अभिनंदननं आधी मेहमुदाकडं बघितलं.

"बोल की," वस्ताद म्हणाले.

"वस्ताद, गुरू म्हणतोय, 'पाय मोडलाय तुझा. बस माझ्या पाठीवर, घरी जाऊ.'"